ढब्बूची तोंडी परीक्षा

कुत्र्याची पारख करावी तर मीच! नुसती शेपटी बघितली की मी त्याचा स्वभाव सांगतो. हे मी आमच्या शेल्टरच्या डॉक्टरबाईंना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी कंटाळून त्यांनी कुत्र्यांची परीक्षा घ्यायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

कुत्रा दत्तक द्यायच्या आधी आमच्याकडे त्याचं वागणं तपासतात. त्यातली मुख्य परीक्षा जेवणाची. तो खात असताना काठीला बांधलेला रबरी हात त्याच्या भांड्यात घालायचा. हाताला चावला, तर लहान मूल असलेल्या घरी त्याला देत नाहीत.

त्या दिवशी पाळी ढब्बूची होती. गोलमटोल, गरीब जीव. त्याला न्यायला एक आजोबा आणि त्यांची चार वर्षांची नात आली होती. दोघं काचेपलीकडून बघत होते. पास झाला तर घर, नापास झाला तर पुन्हा पिंजरा!

"रबरी हात कुठाय?" बाईंनी विचारलं.

"मागच्या कुत्र्याने खाल्ला. पण काळजी नको बाई, मी घरून नवा करून आणलाय!"

बायकोचा स्वयंपाकघरातला हातमोजा, आत चिंध्या, खाली झाडूचा दांडा. इतका झकास जमला होता, की येताना मी स्वतःच त्याच्याशी हात मिळवला होता!

ढब्बू शांतपणे जेवत होता. मी ऐटीत हात पुढे सरकवला. ढब्बूने जेवण सोडलं आणि त्याच्यावर झडपच घातली! अंगठा गेला, करंगळी गेली, चिंध्या खोलीभर!

"आजोबा, त्याने हात खाल्ला!" नातीने भोकाड पसरलं.

बाईंनी उरलेलं एक बोट उचलून हुंगलं. "याला कसला वास येतोय?"

"बायकोने काल तो घालून कोंबडी साफ केली असेल..."

"असेल?"

"केली."

"म्हणजे तुम्ही त्याच्या नाकासमोर कोंबडी नाचवलीत! आणि नापास कोण? ढब्बू!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माझ्या शहाणपणापायी त्या मुक्या जिवाचं घर चाललं होतं. आजोबा नातीला चप्पल घालायला लागलेसुद्धा! मी धावत बाहेर गेलो.

"आजोबा, चूक माझी आहे! कुत्रा गुणी आहे, मी छातीठोकपणे सांगतो!"

"छाती राहू द्या," आजोबा म्हणाले. "हात घालता का?"

आली का पंचाईत! मी हात धुतले. परत धुतले.

"अहो, साबण संपला," बाई म्हणाल्या.

ढब्बूला नवं भांडं वाढलं. बाईंनी त्याची दोरी धरली. आजोबा आणि नात दारात येऊन उभे राहिले. मी डोळे घट्ट मिटून हात घातला. काहीतरी ओलं, गारगार लागलं.

"मेलो! मेलो!" असा काही किंचाळलो मी, आणि थेट टेबलावर चढलो! भांडं उपडं.

डोळे उघडून बघतो तर पाचही बोटं जागच्या जागी. ढब्बूने फक्त नाक लावलं होतं! बिचारा आता आजोबांच्या पायामागे अंग चोरून थरथरत होता. नातीने सांडलेल्या जेवणातले चार दाणे तळहातावर घेतले. बाईंनी दोरी आवळली. पण ढब्बूने ते जिभेने अलगद टिपले आणि शेपटी हलवली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"याला आम्ही आजच नेतो," आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले. "इथे याच्या जिवाचं काही खरं नाही."

मी टेबलावरूनच मान डोलावली. खाली उतरायची लाज वाटत होती हो!

तर ढब्बू पास झाला. माझंही काम गेलं नाही, बाईंनी फक्त बदलून दिलं. अचानक मोठा आवाज झाला तर कुत्रा कसा वागतो, हेही तपासावं लागतं ना! पूर्वी त्यासाठी पातेलं आपटायचे. आता मला बोलावतात.