दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

१९८७ साली घडलेली ही गोष्ट. तेव्हा गाणी कॅसेटमध्ये राहत असत आणि एक बाजू संपली की कुणालातरी उठून ती उलटावी लागे. एका कॅसेट कंपनीच्या मागच्या खोलीत, दुपारच्या चहाच्या वेळी, लेबलताईने अशीच एक कॅसेट उलटली आणि दोन मिनिटांत तिच्या हातातली बशी कलंडली.

लेबलताई म्हणजे टेपच्या डब्यांवर लेबलं लिहिणारी. अक्षर मोत्यासारखं. नवऱ्याचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं, तेव्हापासून घरातली पाच तोंडं त्या अक्षरावरच जेवत होती. तिच्यासमोर आता कॅसेटच्या खोक्यांची उतरंड होती. कंपनीची एके काळची लाडकी पॉप गायिका, जिला सगळे मॅडम म्हणत, तिची कधीच बाहेर न आलेली दहा गाणी साहेबांनी कपाटातल्या जुन्या टेपांतून निवडली होती. हजारो प्रती भरून तयार होत्या. शनिवारी प्रकाशन.

आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं मॅडमचं नव्हतंच. ते लेबलताईचं होतं.

ती धावत रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. तिथल्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टला सगळी कंपनी मामा म्हणे.

“मामा, घात झाला! कॅसेटमध्ये मी गातेय!”

“मी म्हणजे कोण?”

“मी म्हणजे मी! ही काय, तुमच्यापुढे उभी आहे ती!”

मामांनी गाणं लावलं. ओळीच्या मधोमध श्वास घ्यायची ताईची खोड ऐकू आली, तसं त्यांनी घाईने यंत्र बंद केलं.

मॅडमना यायला दोन-दोन तास उशीर व्हायचा. तोवर वादक खोळंबू नयेत म्हणून मामा ताईला माईकपुढे उभं करत, अख्खं गाणं गाऊन घेत आणि आवाजाचे आकडे जुळवून ठेवत. मॅडम आल्या की त्याच टेपवर खरं गाणं चढे आणि ताईचं पुसलं जाई. सहा वर्षांपूर्वी एके दिवशी मॅडम आल्याच नाहीत. त्या दिवशी नाहीत आणि त्यानंतरही नाहीत. टेप तशीच डब्यात गेली. डब्यावर नाव मात्र मॅडमचंच होतं, कारण काम तुंबू नये म्हणून ताई सगळी लेबलं सकाळीच लिहून ठेवायची.

“लेबल तू लिहिलंस,” मामा म्हणाले.

“टेप तुम्ही ठेवलीत.”

“अगं, माझ्या निवृत्तीला चार महिने उरलेत!”

“आणि माझ्या निवृत्तीला चार दिवस! आधीच्या कारकुनाला साहेबांनी एका चुकीच्या लेबलापायी भर दुपारी घरी पाठवलं होतं. आत्ताच जाऊन सांगू या का?”

“सांग की. मी तोवर जेवणाचा डबा भरून घेतो.”

तेवढ्यात साहेबच आत आले. अंगात वारं शिरल्यासारखे दिसत होते.

“मामा, उद्या मॅडम येताहेत, यजमानांना घेऊन. सगळी कॅसेट ऐकणार आणि मग परवानगीच्या कागदावर सही करणार. आणि ऐका, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सकाळी रेडिओवर वाजलं. फोन थांबत नाहीयेत! हा आवाज आता होणे नाही!”

साहेब गेले. ताईने दार लावून घेतलं.

“घाबरू नकोस,” मामा हळूच म्हणाले. “उद्या पहिली बाजू संपली की यंत्र बिघडेल.”

“आपोआप?”

“आपोआप कसं बिघडेल? मी पट्टा सैल करून ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी पहिली बाजू संपली आणि यंत्र ठरल्याप्रमाणे मेलं. मामांनी हळहळून दाखवलं. “जुनं झालंय हो. मॅडमना उगाच कशाला ताटकळत ठेवायचं? सही होऊन जाऊ दे.”

मॅडमचे यजमान खुर्चीतून ताडकन उठले. यंत्रं दुरुस्त करायचा त्यांचा धंदाच होता. “सरका बाजूला!” म्हणत त्यांनी बाह्या सारल्या आणि झाकण उघडलं. “अहो, पट्टाच निसटलाय! कोण अडाणी माणूस हे वापरतो?”

अडाणी माणूस हळूच दोन पावलं मागे सरकला.

गाणं सुरू झालं. साहेबांची मान डोलू लागली. मॅडमची खुर्चीच्या हातावर ताल धरणारी बोटं थांबली.

“हे मी कधी गायले?”

“तारखेसकट छापलंय!” साहेबांनी कॅसेटमधला कागद पुढे केला. “आमच्या मामांची शिस्त आहे ती.”

यजमानांनी चष्मा लावला. “सतरा नोव्हेंबर एक्क्याऐंशी. वा!”

ताई हळूच दाराकडे सरकली. मॅडमनी मात्र मान वळवली ती नवऱ्याकडे.

“अहो, ही तारीख वाचून काही आठवतंय?”

यजमानांनी बराच विचार केला. “मंगळवार असावा.”

“आणखी काही?”

“आणखी म्हणजे... त्या दिवशी तुझा आवाज काय लागला होता! तसा ना आधी, ना नंतर.”

मॅडमनी पेन मागितलं. कागदाला भोक पडेल इतकी दाबून सही केली आणि त्या उठल्या. दारापाशी ताई उभी होती.

“तू गायलीस ना?”

“चुकले मॅडम. मला पाच माणसांचं—”

“गप्प. एक अक्षर बोलायचं नाही. त्या दिवशी, त्याच वेळी मी नोंदणी कचेरीत ह्यांच्याशी लग्न करत होते. बघू या, किती वर्षांनी उजेड पडतो.”

कॅसेट धो-धो खपली. साहेबांनी आणखी दोन वर्षं कपाटं उपसली, पण तसं दुसरं गाणं काही निघालं नाही. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या शिस्तीवर भाषण झालं आणि ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मॅडम पुन्हा गाऊ लागल्या आणि प्रत्येक कार्यक्रमात त्यांना ते गाणं गावंच लागे. त्यासाठी ओळीच्या मधोमध श्वास घ्यायला त्या महिनाभर लेबलताईच्या घरी शिकायला जात होत्या. यजमानांच्या डोक्यात उजेड पडला तो नऊ वर्षांनी, विम्याच्या अर्जात लग्नाची तारीख लिहिताना. ते रागावून म्हणाले, “म्हणजे लग्नाच्या दिवशीसुद्धा तू रेकॉर्डिंगला गेली होतीस?”

लेबलताईची नोकरी पुढे वीस वर्षं टिकली. आता तिचे दात पडलेत, आवाजही थकलाय. परवा रेडिओवर ते गाणं लागलं, तेव्हा भाजी निवडता निवडता तिने सूर धरला. नातीने बाहेरच्या खोलीतून हाक मारली.

“आजी, तू मध्ये मध्ये गाऊ नकोस गं. गाण्याची पार वाट लावतेस!”