दुसऱ्या फेरीची परवानगी

आमच्या कार्यालयात आग लागल्यास कर्मचाऱ्यांनी कोणत्या दाराने पळावे, हे ठरवण्याचं काम सुरू होतं. आग लागलेली नव्हती. दारही मजल्यावर एकच होतं, बाहेरच्या जिन्यावर उघडणारं, आणि आम्ही सगळे रोज संध्याकाळी त्याच दाराने आग लागल्यासारखे पळत होतो. पण सुरक्षा पुस्तिका असल्याशिवाय अधिकृतपणे पळता येत नाही, असं वरच्यांचं मत पडलं. वरच्यांचं मत पडलं की ते खालच्या कोणाच्या तरी डोक्यावर पडतं. या वेळी ते आमच्या आरेखकाच्या डोक्यावर पडलं.

आरेखक म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसून नकाशे आणि आकृत्या काढणारा गृहस्थ. मी मुद्रितशोधक. तो आकृत्या काढतो, मी चुका काढतो, असा आमचा शेजारधर्म. माणूस चांगला, पण त्याचं घर दुसऱ्या गावी. बायको तिकडे, चिमुरडी लेक तिकडे, आणि हा इथे भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातचं जेवून कंटाळलेला. त्याची बदली मंजूर होती. फक्त संचालकांनी फाईलवर एक ओळ लिहून ठेवली होती: ‘सुरक्षा पुस्तिका पूर्ण झाल्यावर कार्यमुक्त करावे.’

“एवढी एक आकृती राहिलीय,” असं तो जेवणाच्या सुट्टीत वहिनींना रोज सांगायचा. फोन डब्याला टेकवून उभा करायचा, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू यायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे खरं, पण कान काय घरी ठेवून येणार?

“अहो, काल शेजारच्या काकांनी हिला विचारलं, बाबा कुठे असतात?” वहिनी म्हणाल्या. “तर हिने फोनच उचलून दाखवला.”

आरेखक हसला. मग बराच वेळ पोळीचा एकच घास चावत बसला. मला वाईट वाटलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता आकृती म्हणजे कागद, पट्टी आणि पेन्सिल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही माझ्याच वयाचे आहात. आमच्याकडे हल्ली चित्र काढत नाहीत, लिहितात. ‘अमुक जागी खोली. तमुक जागी दार. खोलीपासून दारापर्यंत बाण.’ असं यंत्राच्या भाषेत ओळीखाली ओळ लिहायची आणि ती फाईल चालवायला द्यायची. यंत्र ती वाचतं, पान जुळवतं आणि छापायला तयार चित्र हातात ठेवतं. पेन्सिलीने जे काम चहा निवायच्या आत व्हायचं, ते या पद्धतीने आठवडाभरात होतं. मात्र रेघा अतिशय सुबक येतात.

आरेखकाने एका चौकटीत आमचा मजला लिहिला. दुसऱ्या चौकटीत दार आणि बाहेरचा जिना लिहिला. पहिलीतून दुसरीत, थेट दारापर्यंत, एक जाड लाल बाण लिहिला. फाईल चालली. चित्र आलं. खोल्या जागच्या जागी, जिना सुरेख, दार तर इतकं देखणं की खऱ्या दाराला लाज वाटावी. बाण मात्र दाराकडे ढुंकूनही न बघता उजवीकडे वळला होता आणि भिंतीत शिरला होता.

“यात चूक काही नाही,” आरेखक मला समजावत म्हणाला. “पहिल्या फेरीत यंत्राला दार कुठे येणार ते माहीत नसतं. ते फक्त टिपून ठेवतं. तीच फाईल पुन्हा चालवली की ते टिपण वाचतं आणि बाण बरोबर दाराशी जातो. दोन फेऱ्या लागतात, बस.”

“मग दे दुसऱ्यांदा चालवायला.”

इथेच घोडं अडलं. आमच्याकडे फाईल स्वतः चालवता येत नाही. त्यासाठी संगणन कक्ष आहे, कक्षाला खिडकी आहे आणि खिडकीत कक्षप्रमुख आहेत. त्यांना आम्ही झाडूसाहेब म्हणतो. फार पूर्वी कोणीतरी एकच अहवाल चुकून दोनदा छापला, तेव्हापासून ‘कोणतेही काम एकदाच करावे’ असं परिपत्रक आहे. झाडूसाहेबांनी ते चौकट करून डोक्यामागे लावलं आहे. मी सोबत म्हणून गेलो होतो, त्यामुळे झालेला संवाद माझ्या कानांनी ऐकलेला आहे.

“साहेब, हीच फाईल परत चालवायची आहे.”

“पहिल्यांदा चालली नाही?”

“चालली.”

“यंत्राने चूक दाखवली?”

“नाही. पण बाण भिंतीत गेलाय.”

“म्हणजे यंत्र म्हणतं बरोबर, आणि तुम्ही म्हणता चूक. यंत्राला बदली नको, बढती नको. ते खोटं कशाला बोलेल?”

“साहेब, यंत्रानेच शेवटी लिहिलंय बघा, ‘पुन्हा एकदा चालवा.’”

झाडूसाहेबांनी चष्मा वर केला, ओळ वाचली आणि चष्मा खाली केला. “ही यंत्राची विनंती आहे. यंत्र आपल्या आस्थापनेवर नाही. जो आस्थापनेवर नाही त्याच्या विनंतीवरून मी कार्यवाही कशी करू? तुम्ही असं करा, दुसऱ्या फेरीच्या परवानगीसाठी वर अर्ज टाका. तोवर नवा अर्ज करून हीच फाईल नवं काम म्हणून द्या. माणसाची अडचण मला कळते हो.”

आरेखकाचा चेहरा उजळला. दोन्ही अर्ज तिथल्या तिथे लिहिले. फाईल चालली. बाण पुन्हा भिंतीत.

कारण झाडूसाहेबांना झाडूसाहेब उगाच म्हणत नाहीत. काम संपलं की यंत्राने केलेली सगळी टिपणं ते स्वतःच्या हाताने पुसून टाकतात. “माझ्या कक्षात एक जरी फालतू फाईल सापडली ना, तर मिशी उतरवून देईन!” असं ते छातीला हात लावून सांगतात. त्यामुळे यंत्राची दर फेरी पहिलीच. दर वेळी ते दार नव्याने शोधायचं, टिपायचं, आणि टिपलेलं झाडूखाली जायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ते हेच.

शेवटी मला राहवेना. “अरे बाबा, एक बाण तर आहे! पेनने काढ आणि घरी जा. पोर वाट बघतेय.”

आरेखकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला खिसे कापायला सांगितलं होतं. “हाताने? बाण? अहो, मजकूर किती स्वच्छ लिहिलाय मी! यात बाण स्वतः दार शोधतो. उद्या दार दुसरीकडे हलवलं, तरी फक्त एक ओळ बदलायची, बाण आपला बरोबर तिकडे जाईल.”

“दार कशाला कोण हलवेल?”

“शक्यता धरून चालावं लागतं,” तो म्हणाला. मग मी माझी मुद्रितं पुढे ओढली.

वर गेलेला अर्ज कुठे पोचला याचा पत्ता नव्हता. दरम्यान पुस्तिका रखडली म्हणून संचालकांनी बाहेरून तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. तज्ज्ञांचा एक नियम असतो: तुमची आख्खी अडचण ते बघत नाहीत, तिचा लहानात लहान नमुना मागतात. “ज्याचा संबंध नाही ते सगळं काढून टाका,” ते म्हणाले. आरेखकाने जिना काढला. खोल्या काढल्या. दुसरी चौकट काढली. शेवटी पानावर एकच चौकट, तीत एक दार आणि एक बाण उरला. दार बाणाच्या नाकासमोरच असल्यामुळे तो पहिल्याच फेरीत दाराशी जाऊन उभा राहिला.

तज्ज्ञांनी अभिप्राय दिला: ‘नमुना निर्दोष आहे. इमारत काढून टाकल्यावर अडचण राहत नाही. सबब दोष इमारतीत आहे.’

या अभिप्रायाला कोणीही हरकत घेतली नाही. मीही त्यातली फक्त एक वेलांटी दुरुस्त केली.

मग भिंतीत शिरलेल्या बाणासकट मूळ आकृतीवर मंजुरीचा शिक्का बसला, ती प्रत्येक टेबलामागे चिकटवली गेली आणि सराव ठरला. घंटा वाजली की आकृतीप्रमाणे बाहेर पडायचं. घंटा वाजली. आम्ही उठलो, रांग केली, आकृती बघितली आणि उजवीकडे वळून भिंतीशी जाऊन उभे राहिलो. डावीकडे दार सताड उघडं होतं. त्यातून वारासुद्धा येत होता. पण त्या दाराकडे बाण नव्हता. मागच्यांनी पुढच्यांना ढकललं, पुढच्यांचं नाक भिंतीला लागलं, आणि कोणीतरी कौतुकाने म्हणालं, “शिस्त बघा, एकही माणूस दाराकडे गेला नाही!”

त्या भिंतीपलीकडे संचालकांची विश्रांतीची खोली होती. एवढी धडपड ऐकून ते उशी हातात घेऊनच बाहेर आले. “काय चाललंय?”

“साहेब, आग,” झाडूसाहेब म्हणाले.

“मग इथे का उभे आहात?”

“बाण इकडे आहे, साहेब.”

संचालकांनी आकृती पाहिली, आमच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्यांना तज्ज्ञांचा अभिप्राय आठवला असावा. “बरोबर आहे,” ते खिन्न होऊन म्हणाले. “दोष इमारतीतच आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण नुसतं म्हणतो. आमच्या कार्यालयाने अंगण सरळ करायला घेतलं. गवंडी आला. त्याने थापी काढण्याआधी विचारलं, “बाण कुठंय?” आकृती दाखवल्यावर त्याने मापं घेतली आणि नेमकं तेवढंच भिंताड पाडलं. आता पळण्याचा मार्ग संचालकांच्या विश्रांतीच्या खोलीतून, कोचाला वळसा घालून, खिडकीपासून नव्याने बांधलेल्या पायऱ्यांवरून खाली जात होता. उरला जुन्या दाराचा प्रश्न. बाण नसलेलं दार उघडं ठेवलं तर लोक गोंधळतील, म्हणून ते विटांनी बुजवलं. गवंड्याने वरून इतका छान गिलावा केला की तिथे दार होतं असं सांगितलं तरी खरं वाटू नये.

आणि काय सांगू, सगळं जमलं! सराव झाला, आम्ही कोचाला वळसा घालून धडाधड खाली उतरलो. पुस्तिका आणि इमारत यांचा मेळ बसला. आरेखकाच्या कार्यमुक्तीचा आदेश टंकून तयार झाला. त्याने पिशवीत डबा घातला, टेबलाचा खण रिकामा केला, लेकीसाठी घेतलेली लाकडी बाहुली वर्तमानपत्रात गुंडाळली. त्याने फोन लावला, तर पलीकडे पोर नुसती नाचत होती. “बाबा फोनमधून बाहेर येणार!” असं ओरडलेलं मलासुद्धा ऐकू आलं. माझे डोळे भरले. मुद्रितशोधकालाही डोळे असतात.

तेवढ्यात झाडूसाहेब स्वतः खिडकी सोडून आले. चेहरा आनंदाने फुललेला. हातात कागद.

“अभिनंदन! दुसऱ्या फेरीची परवानगी आली!”

वरातीमागून घोडं आलं होतं.

“साहेब, आता नको,” आरेखक घाबरून म्हणाला. “आता बाण बरोबर आहे.”

“नको कसं? मंजूर झालेली फेरी परत करता येत नाही. केली तर पुढच्या वर्षी कोणालाच मिळायची नाही.” आणि अपवाद म्हणून, केवळ माणुसकीखातर, त्या दिवशी त्यांनी टिपणं पुसलीसुद्धा नाहीत.

फाईल एकदा चालली आणि लगेच दुसऱ्यांदा चालली. बाण सुटला आणि तीरासारखा सरळ, जिथे त्याने पहिल्या दिवशीच जायला हवं होतं तिथे, दाराशी जाऊन उभा राहिला. म्हणजे त्या गुळगुळीत गिलाव्याशी.

“एकच ओळ बदलू द्या,” आरेखक काकुळतीला आला. “दार नव्या जागी लिहितो. बाण आपोआप तिकडे जाईल.”

“मजकूर मंजूर आहे,” झाडूसाहेब हळहळून म्हणाले. “अक्षर हलवता येणार नाही. इमारतीचं तसं नाही. इमारत आपल्याच अखत्यारीत आहे. गवंड्याला निरोप गेलाय. मेळ बसला की तुम्हाला लगेच सोडतात.” आणि कार्यमुक्तीचा आदेश त्यांनी फाईलमध्ये परत ठेवला.

टेबलावर ठेवलेला फोन चालूच होता. वहिनींनी सगळं ऐकलं होतं.

“अहो, एक विचारू? तुमच्या समोर भिंतीला भगदाड आहे ना?”

“आहे.”

“त्यातून माणूस बाहेर पडतो ना?”

“पडतो.”

“आणि पिशवी भरलेली आहे. मग या की निघून! कागद काय, मागून येईल टपालाने.”

आरेखक उठला. पिशवी खांद्याला लावून भगदाडापर्यंत गेला. तिथून बाहेरचा रस्ता दिसत होता, गाडीचा थांबा दिसत होता. थांब्यावर गाडीही लागलेली होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, जा रे बाबा, जा! तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने वळून आकृतीकडे पाहिलं.

“पण बाण इकडे नाहीये गं,” तो म्हणाला आणि परत येऊन बसला. पलीकडून पोरीने विचारलं, “आई, बाबा परत फोनमध्ये गेले?”

वाचताना तुम्ही हसलात, हे मला दिसतंय. कसली ही माणसं, समोर दार दिसत असून भिंतीला नाक लावतात! बरोबर आहे तुमचं. फक्त मागच्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी आला होतात. फोनमधली बाई म्हणाली, सरळ पुढे जा. मागच्या सीटवरून तुमची आई सांगत होती, “अरे, आपलं घर मागे राहिलं!” तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?

“थांब गं जरा, ती सांगेल.”