सगळे उठतात

फारसी मला चुटकीसरशी येईल, असं मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं होतं! इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आणलं. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हे त्या बिचाऱ्यांना पानंच्या पानं समजावलं होतं. आपण जन्मापासून तसंच बोलतो. मी ती पानं उलटली आणि थेट 'उठणे' हे क्रियापद 'मी उठते'पासून 'ते उठतात'पर्यंत पाठ करायला घेतलं.

कारण मी जिथे व्यायाम शिकवते, त्या दवाखान्यातल्या एक आजी उठत नव्हत्या. गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालेलं, पण पडण्याची धास्ती बसलेली. त्यांना फक्त फारसी येई. त्यांचा मुलगा मधे पडून सांगायचा, पण माझ्या "उठा"मध्ये तो स्वतःचं "जपून, पडशील" घालायचा. तसं त्यानेच कबूल केलं. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर गुडघा कायमचा आखडला असता. माझ्या जिवाला घोर लागला होता.

"तुला पाढ्यासारखं येतंय," नवरा म्हणाला. "मधलंच म्हणायची वेळ आली तर?"

"मधलंच कशाला म्हणू मी?"

दुसऱ्या दिवशी आजींसमोर स्टूल घेऊन बसले. मुलाला गप्प राहायला सांगितलं. मला हवं होतं आदराचं "तुम्ही उठता". पण ते पाढ्यात पाचवं! वरून सुरुवात केल्याशिवाय जीभ हलेना. "मी उठते" म्हणत मी उठले. "तू उठतोस"ला हात मुलाकडे गेला, तो उठला. "तो उठतो"ला आजींसोबत आलेल्या आजोबांनी पेपर बाजूला ठेवला आणि तेही उठले. "आम्ही उठतो"ला हात असा काही फिरला, की फारसीचा गंध नसलेले बाकीचे पेशंटही काठ्या सावरत उभे राहिले.

खोलीत आजी तेवढ्या बसलेल्या. मी हात जोडून म्हटलं, "तुम्ही उठता."

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, कठडा धरला आणि उठल्या. माझे डोळे भरून आले. इतके दिवस आम्ही सगळे बसून त्यांना एकटीला उठायला सांगत होतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

आजी काहीतरी पुटपुटल्या. मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आई विचारतेय, 'ते उठतात' राहिलं ना?"

मी घाईघाईने तेही म्हटलं आणि आता बसा, अशी हाताने खूण केली. कोणीच बसेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत 'मी'पासून सुरुवात व्हायची वाट पाहत होते.

'बसणे' पुढच्या धड्यात होतं.