केकची भिंतीकडची बाजू

मानवी प्रगतीचा इतिहास हा मुळात झाकण्याचा इतिहास आहे. अंग झाकायला कापड आलं, भिंतीची ओल झाकायला रंग आला आणि ओव्हनमध्ये जे काही घडलं ते झाकायला क्रीम आलं. या तिसऱ्या शोधाला केक सजवणं म्हणतात. ही कला अत्यंत थोर असून तिची प्राथमिक माहिती प्रत्येक कुटुंबाला असावी, या हेतूने हे टिपण सादर आहे. (माझी पात्रता: वहिनीने आठ रविवारांचा वर्ग केला, तेव्हा मी त्याच घरात राहत होतो.)

नवशिक्याला लागणारी साधने पुढीलप्रमाणे. फिरतं टेबल, एक. लांब चपटी सुरी, एक. क्रीम भरायच्या पिशव्या, आणि पिशवीच्या टोकाला लावायची नोझल्स, बावन्न. बावन्नपैकी दोन वापरात येतात, उरलेली पन्नास पाहुण्यांना दाखवायची असतात. फ्रीज, रिकामा. (भाज्यांना आठ दिवस आधी नोटीस द्यावी.) शिवाय सरावाचे केक संपवणारे नातेवाईक, किमान चार. आमच्याकडे दोनच होते, मी आणि दादा. दोन महिन्यांत आमचं एकत्रित वजन सात किलोंनी वाढलं, त्यातले पाच दादाचे. टेबल फिरवण्याचं काम मात्र एकट्या माझ्याकडे होतं. बावीस वर्षं मी कार्यालयात फायली फिरवतोय, त्यामुळे हात बसलेला आहे.

आता सूचना. केकला आधी क्रीमचा एक पातळ थर द्यावा. त्यात सगळा भुगा अडकतो. हा थर दिसायला भयंकर असतो, म्हणून तो तासभर गार करून दुसऱ्या थराखाली कायमचा गाडावा. (बहुतेक संसार याच तत्त्वावर उभे आहेत, पण तो या टिपणाचा विषय नाही.) फूल बिघडलं तर त्यावर पान काढावं. पान बिघडलं तर मोती टाकावेत. मोतीही बिघडले तर ही आधुनिक शैली आहे असं सांगावं. आणि वर्गातल्या बाईंनी दिलेली सर्वात मोलाची सूचना अशी, की केकला एकच तोंड असतं आणि ते कॅमेऱ्याकडे असतं. मागची बाजू भिंतीची.

वहिनीने हा सगळा खटाटोप केला तो आईसाठी. आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. एकोणीस वर्षांत वहिनीच्या हातच्या पदार्थांवर आईने दिलेल्या अभिप्रायांची आकडेवारी मला तोंडपाठ आहे: 'मीठ कमी' चाळीस टक्के, 'गेल्या वेळी बरं झालं होतं' पस्तीस टक्के, उरलेले मौन. (गेल्या वेळीही गेल्या वेळचंच बरं होतं.) 'चांगलं झालंय' या सदरात नोंद निरंक. वहिनीला ते एकदाच ऐकायचं होतं. क्रीम फेटता फेटता तिने मला तसं सरळ सांगितलं, आणि मला खरंच वाईट वाटलं.

केक झाला. दोन मजली, फिकट गुलाबी, समोरून एकवीस गुलाब. खोटं कशाला बोलू, देखणा झाला होता. टेबलासकट तो फ्रीजमध्ये ठेवला, गुलाब आत आणि पाठ दाराकडे. मग दादाने फ्रीजमधून पाण्याची बाटली काढली आणि दार नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे कमरेने, लावलं. दाराचा कप्पा केकच्या पाठीत चार बोटं आत गेला. पाहुणे यायला वीस मिनिटं होती आणि क्रीम संपलं होतं. वहिनीने बोटांनी खड्डा लिंपायला घेतला, तर तो आणखी रुंद झाला.

तातडीने आपत्कालीन समिती (मी) भरली. खड्डा भिंतीकडे करावा, असा ठराव मी मांडला आणि मीच मंजूर केला.

"आईंना दिसेल का हो, भाऊजी?" वहिनीने विचारलं.

मागून कोण बघतंय, असं म्हणून मी टेबल अर्धा फेरा फिरवलं. इतकं सफाईदार फिरवणं मला कार्यालयातही कधी जमलं नव्हतं.

निर्णय निर्दोष होता, फक्त एक बाब नजरेतून सुटली. ज्याचा वाढदिवस, त्याची खुर्ची केक आणि भिंत यांच्यामध्ये असते, कारण त्याचाही चेहरा फोटोत यावा लागतो. परिणामी सदतीस पाहुण्यांनी गुलाब पाहिले, आणि जिच्यासाठी केक होता ती एकटी पाऊण तास खड्ड्यासमोर बसली. हे माझ्या तिसऱ्या फोटोच्या वेळी लक्षात आलं. मी चौथा काढला.

पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. फोटोंना बघता बघता तीनशे बारा अंगठे मिळाले. वहिनी सुरी घेऊन आईशेजारी उभी होती, तिने त्यातला एकही पाहिला नाही. ती आईकडे बघत होती.

"माझ्याकडची बाजू करायची राहिली वाटतं," आई म्हणाली.

"राहिली नाही, आई. बिघडली. म्हणून तुमच्याकडे केली."

"बरोबर आहे. इकडे काय, भिंतच."

ठराव माझा होता, हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मी फोटो तपासत होतो. वहिनीने सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी टेबल फिरवलं. खड्डा पाहुण्यांकडे आला. वहिनी, फोटो बिघडेल, असं सगळ्यांच्या आधी कोण म्हणालं असेल, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. एकेक गुलाब बोटाने मोजला. मग वहिनीकडे मान वर करून म्हणाली, "चांगलं झालंय गं."

नोंद, एक. त्या क्षणाचा फोटो उपलब्ध नाही, कारण समोर खड्डा होता.

वाचकांनी आम्हाला हसायला हरकत नाही. त्याआधी एक छोटी तपासणी करावी. आपल्या आईच्या गेल्या वाढदिवसाचा फोटो उघडावा. केक छान दिसतोय? सगळी फुलं नीट आली आहेत? म्हणजे केकचं तोंड तुमच्याकडे होतं.