शेवंताबाईंच्या ओव्हनची कॉईल

एका जंगलात, मुलांनो, शेवंताबाई नावाच्या उदमांजरबाई राहत असत. उदमांजर कसं दिसतं ते तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल. त्या नानकटाई फार सुरेख भाजत, एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी दुपारी चारला राधाक्का सशिणीचं डोहाळजेवण होतं. वर्षातलं चौथं! तिला डोहाळे एकच लागले होते. "शेवंताबाईंच्या हातची नानकटाई आली नाही, तर मी ओटी भरून घ्यायची नाही," असं तिने सासूला तोंडावर सांगितलं होतं.

सकाळी शेवंताबाईंनी पहिला ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. अर्ध्या तासाने काढला. नानकटाई वरून गोरी, खालूनही गोरी! दिवा लागत होता, पंखा गरगरत होता, पण ऊब म्हणून नाही. डोकावून पाहतात तो काय, आतली कॉईल मधोमध तडकलेली.

शेवंताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

बातमी फुटली. पहिले आले धनेशराव पक्षी. चोचच इतकी मोठी, की मत नसणं त्यांना शोभलंच नसतं.

"ओव्हन गेला. टाकून द्या," ते म्हणाले. "हल्ली दुरुस्त करतं का कुणी?"

मागोमाग आले गवेअण्णा. जंगलातल्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष तेच.

"घाई नको," ते हंबरले. "हा एका ओव्हनचा प्रश्न नाही. हा एकूण उष्णतेचा प्रश्न आहे!"

टाळ्या पडल्या. जागच्या जागी ओव्हन बचाव समिती निघाली. सदस्य सतरा. माकडांनी ओव्हनला हार घातला. मग दोन मिनिटं शांतता पाळली. ती पाळता पाळता एक रानडुक्कर घोरू लागलं.

"अहो, पण नुसती कॉईलच बदलायची..." शेवंताबाई म्हणाल्या.

"बाई, तांत्रिक गोष्टींत भावना आणू नका," धनेशराव म्हणाले. "त्यापेक्षा चहा टाका."

समिती चहाला अंगणात बसली. शेवंताबाईंनी आधण ठेवलं आणि ओव्हनचा प्लग काढला. दोन स्क्रू फिरवले. कॉईल हलकेच पुढे ओढली, मागच्या दोन वायरी सोडवल्या. जुनी कॉईल पदराखाली घेऊन मागच्या दाराने थेट सोनोपंत साळिंदरांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात.

सोनोपंतांनी मापाची नवी कॉईल काढून दिली. "वायरी घट्ट बसवा, बाई. सैल राहिल्या तर हीसुद्धा जळेल."

परत येऊन शेवंताबाई ओव्हनमध्ये डोकं खुपसून बसल्या. एक वायर सुळकन भोकात पळाली. "ये गं बाई, ये," म्हणत त्यांनी ती नखाने ओढून आणली. घट्ट बसवली. स्क्रू आवळले. प्लग लावला. डोळे मिटून बटण फिरवलं.

काही नाही.

काहीच नाही.

मग कॉईल कलिंगडासारखी लालबुंद झाली! शेवंताबाई अशा नाचल्या, की शेपटीने मैद्याचा डबा उपडा झाला. त्या पांढऱ्याफेक झाल्या आणि आणखी नाचल्या.

ट्रे पुन्हा आत गेला आणि नानकटाईचा वास अंगणात पोचला. गवेअण्णांचं भाषण थांबलं. चार वाजता राधाक्काने अकरा नानकटाया खाल्ल्या आणि आनंदाने ओटी पुढे केली.

गवेअण्णा उभे राहिले. "समितीच्या अथक प्रयत्नांनी ओव्हन शुद्धीवर आला आहे!"

"मी म्हटलंच होतं," धनेशराव म्हणाले, "आपोआप बरा होईल."

सतरा शाली, सतरा श्रीफळं वाटून झाली. समिती कायमस्वरूपी करण्यात आली. पहिला ठराव लगेच झाला: शेवंताबाईंनी परवानगीशिवाय ओव्हन उघडू नये.

शेवंताबाईंनी ठरावावर सही केली, दार लावलं आणि पोट धरधरून हसल्या.

तात्पर्य: ओव्हन दुरुस्त करायला स्क्रू दोनच लागतात, पण तो दुरुस्त झाला हे जाहीर करायला सदस्य सतरा लागतात. तेव्हा मुलांनो, स्क्रू कुणीही फिरवील. तुम्ही आपले सदस्य व्हा.