शेळीला सांगितलेलं औषध

माझ्या नातसुनेला चोरीसुद्धा धड करता येत नाही, हे मी आधीच लिहून टाकते.

गेर्गाना प्लॉव्हडिव्ह शहरातली, शिकलेली. गावोगावच्या म्हाताऱ्यांची झाडपाल्याची औषधं ती फोनमध्ये भरून ठेवते. आली ती सरळ म्हणाली, "आजी, खोकल्याचा काढा कसा करतेस, सांग ना."

आमच्या डोंगरात औषध सांगायचं नसतं. सांगितलं की हातचा गुण जातो. शिकणारीनं ते चोरायचं. मीही सासूचं खिडकीखाली उभी राहून चोरलं.

"मी काही सांगणार नाही," मी म्हणाले. "पहाटे बेल्काशी बोलते, तेव्हा दाराआड कोण उभं असतं ते मी बघत नाही."

बेल्का माझी शेळी. पाच दिवस धार काढता काढता मी तिला सगळं सांगितलं. डोंगरी चहाची फुलं किती, मध कधी. गेर्गाना दाराआड फोन धरून. आता शेळीशी बोलायला बसलं की नुसता काढाच तोंडातून निघतो असं नाही.

एन्योवदेनला, वनस्पती खुडायच्या सणाला, गाव वाचनालयात जमलं. गेर्गानानं माझा आवाज कर्ण्यावर लावला. स्वतः आधी ऐकलाही नव्हता. फुलं झाली, मध झाला, आणि कर्ण्यातून मी म्हणाले, "बेल्के, ती गावातली राडा आहे ना, तिच्या नवऱ्याला पोटदुखीवर दोन वर्षं नुसता पुदिना पाजतेय. त्याला रोग कसला? बायकोची बडबड. माझ्या ओसरीवर तासभर गप्प बसला की बरा होतो."

गेर्गाना फोनवर बोटं आपटत राहिली. आवाज थांबेना.

राडा उठली. "त्रेंदाफिला, पुदिना माझ्या परसातही आहे. आता तुझ्या दारात कोण येतं ते बघतेच."

आठ दिवस खरंच कुणी आलं नाही. पन्नास वर्षांत माझी ओसरी अशी रिकामी पडली नव्हती.

"आजी, तेवढा तुकडा कापून टाकते," गेर्गाना रडवेली होऊन म्हणाली.

"आणि गावाच्या कानातून कसा कापशील?"

नवव्या दिवशी राडाचा नवरा मेतोदी आला आणि न विचारता ओसरीवर टेकला.

"घरचा पुदिना लागू पडत नाही," तो म्हणाला. "ती समोर बसून पाजते."

त्याच्या मागे फाटकाशी आणखी तिघींचे नवरे उभे होते. चौघांचं पोट दुखत होतं.

मी पाणी उकळायला ठेवलं. गेर्गानाचा हात हळूच फोनकडे गेला.

"खाली ठेव तो," मी म्हणाले. "चोर म्हणून तू अगदीच कच्ची, पोरी. चोरलेला माल आधी घरी उघडून बघतात. पण रोगी आणलेस चार. उद्या पहाटे धार तू काढ, मी बेल्काशी बोलते."