कोपरा फाटलेलं जहाज

दुपारी सव्वाबारा वाजता ललितचा मोबाईल वाजला आणि पलीकडून आई म्हणाली, “हाय तसा घरी ये. दिनेशचं कार्ड आलंय.”

“कसलं कार्ड?”

“कोपरा फाटलेलं,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

ललित खुर्चीतच बसून राहिला. पूर्वी गावाकडे मयताची बातमी पोस्टकार्डानं यायची आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिनेश त्याचा सिन्नरचा मामेभाऊ, मामाचा एकुलता एक. परदेशी प्रवासी जहाजावर आचारी होता. आजच्या काळात कार्ड कोण पाठवतं, असा प्रश्न ललितला पडायला हवा होता. पण अशा वेळी डोकं चालत नाही. साहेबांना सांगून त्यानं स्कूटर काढली.

वाटभर त्याला दिनेशच आठवत होता. पोरगा जहाजावर चालला तेव्हा मामी रडली, मामा गप्प बसला, आणि अख्ख्या भावकीत आनंदानं उड्या मारणारा ललित एकटा होता. कारण ललितला जहाजांचं वेड होतं. म्हणजे खऱ्या जहाजांचं नव्हे. गंगापूर धरणावरच्या बोटीत बसला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. त्याला वेड होतं ते शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या प्रवासी जहाजांच्या चित्रांच्या पोस्टकार्डांचं. जुन्या एका इंग्रज कंपनीनं आपल्या बारा जहाजांची बारा कार्डं काढली होती. ललितनं नऊ वर्षं खपून त्यातली अकरा मिळवली होती. बारावं जहाज, ‘लेडी एलेनॉर’, काही केल्या हाती लागत नव्हतं. गेल्या दिवाळीत बायकोनं, सुवर्णानं, “आता जहाजं बंद!” असं बजावलं होतं आणि त्यानं मुलांची शपथ घेऊन मान डोलावली होती. कपाटात साड्यांच्या मागे अल्बम होता आणि त्यात एक खण रिकामा होता. तो खण त्याला झोपेतही दिसायचा.

सोसायटीच्या जिन्यातच चपलांचा ढीग होता. आईनं सिन्नरला सकाळीच कळवलं होतं; तिकडून दोन जीपा भरून माणसं आली होती. आत कुसामामी भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होती. सावळीराममामा टोपी मांडीवर ठेवून बसला होता. सुवर्णा शाळेतून तशीच आली होती, तिच्या बोटांना अजून खडू होता. दिनेशचा फोन सकाळपासून लागत नव्हता.

“कार्ड कुठंय?” ललितनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

आक्काबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पदराआडून कार्ड काढलं. “पाकिटात आलं. मी फोडलं तर हे, समदं इंग्रजीत. कुणाच्या हातात दिलं नाय. असलं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतंय, पर मी म्हटलं, सावळीरामानं बघितल्याबिगर कसं फाडू? बघ, कंपनीनं जहाजाचा फोटू बी लावलाय.”

ललितनं कार्ड हातात घेतलं. निळसर समुद्र, तीन धुराडी, खाली बारीक अक्षरांत ‘लेडी एलेनॉर’. उजवीकडचा वरचा कोपरा गेलेला. कोलकात्याच्या विक्रेत्यानं ते आधीच कळवलं होतं. कोपरा गेला होता म्हणून तर ते ललितला परवडलं होतं.

आणि भरल्या सुतकाच्या घरात ललितच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यानं ते आवरायचा प्रयत्न केला, पण नऊ वर्षांचं हसू होतं ते. मामीचं रडणं मध्येच थांबलं.

“हसतो काय रं मुडद्या?” मामा उठलाच.

आता दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर आई रिवाजाप्रमाणे सगळ्यांदेखत लेडी एलेनॉरचे तुकडे करणार. खरं सांगावं, तर सुवर्णा ललितचे करणार. त्यानं सुवर्णाकडे पाहणं टाळलं.

“मामा, हे दिनेशचं नाही. माझं आहे. मी मागवलंय.”

“मयताचं कार्ड मागवलं?”

“मयताचं नाही हो. जुनं आहे, एकोणीसशे एकतीस सालचं. एका इंग्रज बाईनं बोटीवरून बहिणीला लिहिलंय. ऐका. ‘समुद्र शांत आहे. सूप रोज गार मिळतं. टोपी वाऱ्यानं उडाली.’ बस्स, एवढंच आहे.”

सगळे विचारात पडले. सकाळपासून आपण गार सुपासाठी रडत होतो, हे कुणालाच पटकन पचेना.

“मंग ती बाई गेली का?” मामीनं डोळे पुसत विचारलं.

“मामी, आता ती गेलीच असणार की!”

“मंग कोपरा बराबर हाय,” आक्काबाई म्हणाल्या.

शेवटी ललितनं साड्यांच्या मागून अल्बम काढला आणि पुरावा म्हणून अकराच्या अकरा जहाजं सतरंजीवर मांडली. सुवर्णानं बोटांचा खडू रुमालानं सावकाश पुसला. मामा मात्र अजून हटून बसला होता. पोराचा आवाज ऐकल्याशिवाय तो जागचा हलणार नव्हता.

अडीचच्या सुमाराला मामीच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पांढरी उंच टोपी घातलेला दिनेश बटाटे सोलत होता. मागून कुणीतरी भांडी आपटत होतं.

“आत्ता कुठं बंदराला लागलो. तीस मिस कॉल कशाला?” मग त्याला मागची गर्दी दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. “आई, सगळे जमलेत... कोण गेलं?”

मामीनं फोन मामाच्या हातात दिला.

“तू,” मामा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

त्यानंतर चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला. मरणाची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे एका जाणत्यानं सांगितलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मामीनं लेडी एलेनॉर उचलली, कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली.

“मामी, ते कार्ड...” ललितनं हात पुढे केला.

“याच्यावर माझ्या लेकाचं आयुष्य वाढलंय, बाळा. हे आता देव्हाऱ्यात ऱ्हाणार.”

मामीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून ललितनं हात मागे घेतला. जीपा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशनं घरून आलेला फोटो पुढे पाठवला: खंडोबाच्या टाकाशेजारी लेडी एलेनॉर, तिन्ही धुराड्यांना हळदकुंकू. खाली लिहिलं होतं, ‘थँक्यू ललितदादा.’

संध्याकाळी ललितनं जड मनानं अल्बम उघडला. रिकामा खण बघायची त्याची तयारी होती. पण पहिल्याच पानावरचं चार धुराड्यांचं जहाज, संग्रहातलं एकमेव निष्कलंक कार्ड, त्याच्याकडे बघत होतं आणि त्याचा एक कोपरा नव्हता. नखानं नीट घडी घालून फाडलेला. त्यानं कार्ड उलटं केलं. मागे पेन्सिलीनं, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ललित.

“आई!”

“सगळ्यात मोठं तुझ्या नावानं फाडलं,” आक्काबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “त्या दिनेशचं वाढतंय, मंग माझ्या लेकाचं का नाय वाढायचं? का रं, लय महागाचं होतं का?”

ललितनं कार्ड सावकाश परत खणात सरकवलं.

“नाही गं,” तो म्हणाला. “आणि तुझं कुठलं फाडलंस?”

“माझं कशाला? माझं झालं की समदं.”

ललित बराच वेळ अल्बम चाळत राहिला. मग त्यानं पाचव्या पानावरचं तीन धुराड्यांचं जहाज काढलं. डोळे मिटले आणि कोपरा फाडला. आवाज इतका बारीक झाला की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मागे त्यानं ‘आक्काबाई’ असं लिहिलं आणि कार्ड आईच्या हातात ठेवलं.

“जहाजं बंद, असं ठरलं होतं ना आपलं?” मागून सुवर्णाचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे.

“हो,” ललित चाचरला. “म्हणजे... आता बंदच.”

सुवर्णा त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली, अल्बम स्वतःकडे ओढला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच एकेक पान लक्ष देऊन बघू लागली. ललितनं घाईघाईनं तिच्या नावानं फाडायला त्यातल्या त्यात साधं, कडा पिवळ्या पडलेलं एक कार्ड पुढे केलं.

“हे नको,” ती पान उलटत म्हणाली. “याला दोनच धुराडी आहेत. आईंच्या जहाजाला तीन आहेत.”